बाउहाउस : शाळा आणि शैली

रंधा (धागाकर्ता)

वास्तुकलेच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवू लागल्याला मला आता सतरा वर्षे होतील. दर पावसाळ्यात नवी मुले येतात आणि त्यांच्यापैकी काहींनी बाउहाउस हे नाव आधीच ऐकलेले असते. बाउहाउस म्हणजे काय असे विचारले की पांढऱ्या भिंती, सपाट छप्पर, खिडक्यांची आडवी पट्टी आणि पोलादी नळी वाकवून केलेली खुर्ची अशी उत्तरे येतात. ही उत्तरे खोटी नाहीत, पण एखाद्या शाळेविषयी विचारल्यावर तिच्या गणवेशाचा रंग सांगावा तशी ती आहेत. बाउहाउस ही शाळा होती. ती चौदा वर्षे आणि तीन गावांत चालली, आणि तिच्यात सगळे मिळून सुमारे १,२५० विद्यार्थी शिकले. एवढ्या लहान संस्थेचा ठसा जगभर उमटला तो नेमका कशाचा, याविषयी मला जे वाटते ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि मी चुकत असेन तिथे दुरुस्त करावे.

वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील वायमार येथे ललितकला अकादमी आणि उपयोजित कलांची शाळा एकत्र करून ही संस्था सुरू केली. देश नुकताच महायुद्ध हरला होता आणि संस्थेकडे पैशांपेक्षा उमेद अधिक होती. स्थापनेच्या घोषणापत्रावर लियोनेल फायनिंगर यांनी लाकडी ठशाने छापलेले कॅथेड्रलचे चित्र होते, आणि वास्तुकार, शिल्पकार, चित्रकार या सर्वांनी पुन्हा हस्तव्यवसायाकडे वळले पाहिजे असे आवाहन आत होते. संस्थेच्या नावामागेही (बाउ म्हणजे बांधकाम, हाउस म्हणजे घर) मध्ययुगात कॅथेड्रले बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघांची आठवण होती. काच आणि पोलाद यांच्याशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, त्या शाळेचा आरंभ दगड घडवणाऱ्या हातांच्या स्मरणाने झाला, ही गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगतो.

माझ्या मते बाउहाउसचे सर्वांत मोठे काम म्हणजे तिथला सहा महिन्यांचा प्रवेशिका अभ्यासक्रम. चित्रकार योहानेस इटेन यांनी तो बसवला. विद्यार्थी आपले आधीचे शिक्षण दाराबाहेर ठेवून आत येई आणि त्याच्या हाती लाकडाची साल, लोकर, काच, तार, कोळसा अशा वस्तू दिल्या जात. त्या डोळे मिटून चाचपायच्या, त्यांतला खरखरीतपणा आणि गुळगुळीतपणा बोटांनी ओळखायचा, आणि मग तो कागदावर असा उतरवायचा की पाहणाऱ्यालाही स्पर्श जाणवावा. इटेन १९२३ मध्ये बाहेर पडल्यावर लास्लो मोहोली-नागी आणि योसेफ आल्बर्स यांनी हा अभ्यासक्रम निराळ्या दिशेने वाढवला. आल्बर्स यांच्या वर्गातील एक हकिगत त्यांच्या एका विद्यार्थ्याने पुढे लिहून ठेवली आहे. त्यांनी वर्गात वर्तमानपत्रे वाटली आणि या कागदातून असे काही करा की त्यात कागदाचा गुण दिसेल, असे सांगून ते निघून गेले. परत आले तेव्हा कुणी किल्ला केला होता, कुणी नाव, कुणी प्राणी. एका हंगेरियन तरुणाने मात्र ताव फक्त उभा दुमडून पडद्यासारखा जमिनीवर उभा केला होता. आल्बर्स यांनी त्याचेच काम उचलून धरले, कारण नाव किंवा किल्ला पत्र्याचाही करता आला असता. आडवा पडणारा मऊ कागद एका घडीने उभा राहतो, हा गुण कागदाचाच.

या अभ्यासक्रमातून पार पडलेला विद्यार्थी कार्यशाळेत जाई. प्रत्येक कार्यशाळेला सुरुवातीच्या काळात दोन गुरू असत, एक कलावंत आणि एक कारागीर. कांडिन्स्की आणि क्ले यांच्यासारखे चित्रकार तिथे रूपाचा विचार शिकवत, तर सुतार, कुंभार, विणकर आपापला हात शिकवत. वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग मात्र १९२७ पर्यंत नव्हताच. ज्या शाळेच्या नावात बांधकाम आहे, तिने आठ वर्षे इमारतीचा विषय न शिकवता पदार्थ आणि हात यांची तयारी करून घेतली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्या देशात वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला जो बेसिक डिझाइन नावाचा विषय असतो, तो याच अभ्यासक्रमाचा वंशज आहे. पण मी स्वतः विद्यार्थी असताना त्या विषयात वर्षभर काळ्या पोस्टर रंगाने चौकोन आणि वर्तुळे रंगवली. आमच्या महाविद्यालयात अंतिम वर्षापर्यंत कुणी आम्हाला वीट भिजवायला सांगितले नाही. वर्तुळे प्रवास करून आमच्यापर्यंत पोहोचली, पण लाकडाची साल वाटेत कुठेतरी गळून पडली. शैली चित्रांतून आणि छायाचित्रांतून भराभर पसरते. शाळा मात्र माणसाकडून माणसाकडे, हळूहळूच जाते. हे माझे म्हणणे आहे आणि त्यावर चर्चा व्हावी.

---

कंपासपेटी

रंधा, लेख आवडला. एक भर घालतो. कारागिरीकडे परतण्याचा विचार वायमारमध्ये अचानक उगवला नव्हता. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी यंत्राच्या निकृष्ट मालाविरुद्ध हस्तव्यवसायाची बाजू घेतली होती. हेर्मान मुथेसियस हे जर्मन वास्तुकार १८९६ पासून काही वर्षे लंडनच्या जर्मन वकिलातीत होते आणि तिथली घरे व शाळा यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९०७ मध्ये म्यूनिक येथे कलावंत आणि उद्योजक यांना एकत्र आणणारा वेर्कबुंड हा संघ स्थापन झाला, त्यात ते अग्रभागी होते. याच संघाच्या १९१४ च्या कोलोन येथील अधिवेशनात मोठा वाद झाला. वस्तूंचे ठरावीक नमुने निश्चित करून त्यांचे उत्पादन करावे असे मुथेसियस यांचे म्हणणे, तर कलावंताच्या व्यक्तित्वाला असे साचे चालणार नाहीत असे हेन्री व्हान डे व्हेल्डे यांचे. ग्रोपियस तेव्हा व्हान डे व्हेल्डे यांच्या बाजूने उभे होते. पुढे १९२३ मध्ये त्यांनीच ‘कला आणि तंत्रज्ञान : एक नवी एकात्मता’ अशी घोषणा केली. म्हणजे तो वाद नऊ वर्षे, शाळा सुरू झाल्यावर तिच्या आतही, चालू राहिला आणि अखेर संस्थापकाने आपली बाजू बदलली.

मुंबईच्या वाचकांसाठी एक समांतर गोष्ट सांगावीशी वाटते. आपले सर ज. जी. कला विद्यालय १८५७ चे. लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळात तिथे शिल्प, कुंभारकाम, धातुकाम शिकवले जाई, आणि १८९१ मध्ये तिथे रे आर्ट वर्कशॉप्स या नावाने हस्तव्यवसायांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. कला आणि हस्तकाम एका आवारात आणण्याची कल्पना आपल्याकडे बाउहाउसपूर्वी तीस वर्षे होती. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की आपल्याकडे चित्रकाराची वाट आणि कारागिराची वाट शेजारून गेल्या; एकाच विद्यार्थ्याने आधी एक आणि मग दुसरी चालावी अशी रचना झाली नाही.

---

कोकणचिरा

मी सिंधुदुर्गात घरे बांधतो. शैलीविषयी रंधा यांनी जे लिहिले आहे ते मला रोजच्या कामात भोगावे लागते. ग्राहक मोबाइलवर एक चित्र दाखवतो. त्यात पांढरा ठोकळा असतो, छज्जा नाही, पागोळी नाही, खिडकी भिंतीच्या सपाटीत बसवलेली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, दुसऱ्यात गिलावा फुगतो, आणि तिसऱ्यात मालक गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतो. कोबा कितीही चांगला केला तरी हे टळत नाही. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवर पुढे आलेले कौलारू छप्पर हा या प्रश्नाचा शेकडो वर्षे तपासून घेतलेला तोडगा होता.

पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे की मूळ इमारतीही हवामानापुढे निर्दोष नव्हत्या. वायमारनंतर शाळा डेसाऊला गेली आणि तिथली तिची इमारत ४ डिसेंबर १९२६ रोजी उघडली. तिच्या कार्यशाळांच्या भागाला बाहेरून अखंड काचेचा पडदा आहे. छायाचित्रात तो अद्भुत दिसतो, पण आत उन्हाळ्यात उकडत असे आणि थंडीत गारठा असे. त्याच गावात ग्रोपियस यांनी ट्योर्टेन येथे ३१४ घरांची वसाहत बांधली. तिथे घरे कारखान्यातल्या मालासारखी बांधण्याचा प्रयोग होता, ठोकळे जागेवरच पाडले जात आणि यारीने उचलून बसवले जात. रहिवाशांनी पुढे खिडक्या बदलल्या, दर्शनी भाग बदलले. मला त्यात रहिवाशांचा अडाणीपणा दिसत नाही. त्यांनी घर वापरून पाहिले आणि जे जुळले नाही ते दुरुस्त केले.

---

माळवद

कोकणचिरा यांच्या म्हणण्याला देशावरून एक पुस्ती जोडतो. सपाट छप्पर परके आणि उतरते छप्पर आपले, असा अर्थ कुणी काढू नये. सोलापूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), बीड या भागांत धाब्याची घरे पिढ्यानपिढ्या आहेत. लाकडी तुळया, त्यांवर किलचा, त्यावर काडीकचरा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद असते. आमच्या आजोळच्या माळवदावर डाळी वाळत, उन्हाळ्यात सगळे घर तिथे निजे, आणि पावसाळ्यापूर्वी दर वर्षी नवी माती पसरून तुडवली जाई. पाऊस कमी आणि ऊन प्रखर, म्हणून ते तिथे योग्य होते. आज त्याच गावांत पातळ काँक्रीटचा स्लॅब आहे आणि दुपारी दोननंतर खोलीत बसवत नाही. रूप तेच, सपाट. पण जाड मातीने जे काम केले ते चार-पाच इंचांच्या स्लॅबकडून होत नाही. प्रश्न सपाट की उतरते हा नसून आल्बर्स यांनी विचारला तोच आहे : हा पदार्थ काय करू शकतो आणि काय करू शकत नाही?

---

धोटा

मी वस्त्ररचना शिकलेली आहे आणि गेली बारा वर्षे हातमागावर काम करते. या धाग्यात आतापर्यंत विणकाम कार्यशाळेचा उल्लेख फक्त एका शब्दात आला, म्हणून लिहिते आहे.

स्थापनेच्या वेळी वय आणि लिंग न पाहता प्रवेश देण्याचे वचन होते. जर्मनीत स्त्रियांना नुकताच मताधिकार मिळाला होता, आणि पहिल्याच वर्षी मुलींचे अर्ज मोठ्या संख्येने आले. मग संचालक मंडळाला संस्थेच्या प्रतिष्ठेची चिंता वाटू लागली आणि प्रवेशिका अभ्यासक्रम संपवलेल्या मुलींना बहुतेक करून विणकामाकडे वळवले जाऊ लागले. आनी आल्बर्स यांना काचेच्या कार्यशाळेत जायचे होते. त्या नाइलाजाने मागावर बसल्या. गुंटा श्टोल्झल यांनी ही कार्यशाळा अक्षरशः हातांनी उभी केली. शाळेत रंगकाम शिकवणारे कुणी नव्हते म्हणून त्या क्रेफेल्डला जाऊन रंगाई शिकून आल्या, आणि १९२७ मध्ये कार्यशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. धातूच्या कार्यशाळेत टिकून राहिलेल्या मारियाने ब्रांड्ट यांची गोष्टही तशीच आहे. त्यांनी १९२४ मध्ये केलेली अर्धगोलाकार चहाची किटली आज जगभरच्या संग्रहालयांत आदराने मांडलेली असते, पण आरंभी त्यांना तिथे कंटाळवाणी कामेच दिली जात, असे त्यांनी स्वतः नंतर सांगितले आहे.

आणि ज्या कार्यशाळेला दुय्यम मानले, तिनेच उद्योगाशी सर्वांत टिकाऊ नाते जोडले. आनी आल्बर्स यांनी बेर्नाऊ येथील कामगार संघटनेच्या शाळेच्या सभागृहासाठी एक कापड विणले. त्याची एक बाजू प्रकाश परावर्तित करी आणि दुसरी आवाज शोषून घेई. ते कापड दिसायला साधे होते. त्याचे सगळे सौंदर्य ताण्या-बाण्यात कोणता तंतू कुठे घातला यात होते. रंधा म्हणतात ती शाळा मला या एका कापडात पूर्ण दिसते. तुमच्या लेखात खुर्ची आली पण हे कापड आले नाही, याचे कारण खुर्चीचे छायाचित्र निघते आणि आवाज शोषण्याचे निघत नाही.

---

रंधा

धोटाताई, तुमची तक्रार पूर्ण मान्य. मी वर्गातही विणकामाचा उल्लेख ओझरताच करत आलो आहे. माळवदांचा प्रश्नही मी उचलून वर्गात नेणार आहे.

---

कळसूत्र

धागा चांगला चालला आहे, पण मूळ लेखाच्या एका गृहीतकाला माझा विरोध आहे. रंधा यांनी शाळा म्हणजे जणू केवळ अध्यापनपद्धती असे मानले आहे. कुणासाठी बांधायचे आणि किती खर्चात, हा प्रश्न बाजूला ठेवून बाउहाउस समजत नाही.

हानेस मायर हे नाव इथे अजून कुणी घेतले नाही. वास्तुकला विभाग त्यांनीच १९२७ मध्ये सुरू केला आणि १९२८ ते १९३० ते संचालक होते. चैनीच्या गरजांऐवजी लोकांच्या गरजा, हे त्यांचे सूत्र होते. त्यांच्या काळात विद्यार्थ्यांनी तयार केलेले भिंतीचे कागद बाजारात आले आणि ते शाळेचे सर्वांत जास्त खपलेले उत्पादन ठरले. नळीच्या खुर्च्या तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या, पण हा कागद साध्या घरात लागला. ट्योर्टेनमध्येच त्यांच्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी मिळून ९० घरांच्या पाच इमारती उभारल्या. विटांच्या, बाहेरून मार्गिका असलेल्या, आपल्या चाळीची आठवण यावी अशा त्या आहेत. भाडे कामगाराला परवडेल इतके ठेवले होते. १९३० मध्ये राजकीय कारणांवरून मायर यांना काढून टाकण्यात आले आणि ते सोव्हिएत संघात गेले.

यानंतर त्यांचे नाव कसे पुसले गेले पाहा. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने नव्या युरोपीय वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले आणि तिला आंतरराष्ट्रीय शैली असे नाव रूढ केले. गृहनिर्माणाचा विचार त्या प्रदर्शनात स्वतंत्र विभागात होता, पण लोकांच्या मनात उरली ती शैली. मग १९३८ मध्ये त्याच संग्रहालयाने बाउहाउसवर प्रदर्शन केले. त्याच्या शीर्षकातच १९१९ ते १९२८ अशी वर्षे होती, म्हणजे ग्रोपियस गेले तिथे शाळा संपली. मायर यांची दोन आणि त्यांच्यानंतरचे संचालक मीस व्हान डेर रोह यांची तीन वर्षे बाहेर राहिली. त्यामुळे शैली आपोआप पसरली आणि शाळा मागे राहिली असे नाही. कोणते चित्र पुढे न्यायचे हे काही माणसांनी ठरवले होते.

आणि अध्यापनपद्धतीवर रंधा यांची जी श्रद्धा दिसते, तिला एक काळी बाजूही आहे. १९३२ मध्ये नाझींचे बहुमत असलेल्या नगरपरिषदेने डेसाऊची शाळा बंद केली. बर्लिनमधील टेलिफोनच्या जुन्या कारखान्यात ती काही महिने चालली. ११ एप्रिल १९३३ रोजी पोलिसांनी तिथे छापा घातला आणि जुलैत शिक्षकांनीच ती मिटवली. यावरून सगळे बाउहाउस नाझींचे बळी ठरले अशी समजूत होते. पण फ्रिट्झ एर्टल हा डेसाऊचा विद्यार्थी पुढे ऑशविट्झ-बिर्केनाऊच्या छळछावणीचे आराखडे करणाऱ्या कचेरीत होता. लाकडाची साल चाचपल्याने माणूस सज्जन होत नाही.

---

धोटा

कळसूत्र यांनी एर्टलचे नाव घेतले आहे, म्हणून त्याच छावणीत मारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीचे नावही इथे लिहिले गेले पाहिजे. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस व्हिएन्नाच्या. त्या इटेन यांच्याच विद्यार्थिनी आणि त्यांच्यामागून वायमारला आलेल्या. १९४२ मध्ये त्यांना टेरेझीनच्या बंदिवस्तीत पाठवण्यात आले. तिथे त्यांनी मुलांचे चित्रकलेचे वर्ग चालवले. हाती पडेल त्या कागदावर, कचेरीतल्या वापरलेल्या फॉर्मांच्या पाठीवरसुद्धा, मुले लय, पोत, कातरकाम यांचे तेच अभ्यास करत जे त्यांनी स्वतः वायमारला केले होते. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. पेट्यांत लपवून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली आणि ती आता प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. पद्धतीने माणूस सज्जन होतो असे मीही म्हणणार नाही. पण ती पद्धत कुणाच्या हातात काय करू शकली, हे या चित्रांत आहे.

---

कंपासपेटी

धोटाताई, तुमच्या प्रतिसादानंतर लगेच दुसरे लिहिणे जड जाते, पण भारताशी असलेल्या संबंधाविषयी सांगायचे राहिले आहे.

बाउहाउसच्या चित्रकारांच्या कामांचे युरोपबाहेरील पहिले मोठे प्रदर्शन डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात झाले. इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात क्ले, कांडिन्स्की, फायनिंगर, इटेन यांची कामे आली आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, सुनयनी देवी यांच्या चित्रांबरोबर मांडली गेली. शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या कलाइतिहासकार स्टेला क्राम्रिश यांनी वायमारशी पत्रव्यवहार करून हे घडवले. शांतिनिकेतनचे कलाभवनही १९१९ मध्येच सुरू झाले. दोन्ही संस्थांनी साम्राज्यकाळच्या अकादमीला नकार दिला आणि दोन्ही हस्तव्यवसायाकडे वळल्या, पण एकीने यंत्राशी जुळवून घेतले आणि दुसरी गावाच्या परिसरात रुजली.

मुंबईत क्ले आले ते मुख्यतः छापील चित्रांतून. चित्रकार गायतोंडे यांच्या १९५० च्या दशकाच्या आरंभीच्या कामावर क्ले यांचा प्रभाव स्पष्ट आहे. प्रभाकर बरवे यांनाही क्ले फार जवळचे होते. धोटाताईंसाठी मुद्दाम सांगतो की बरवे १९६१ पासून काही वर्षे वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करत होते. चित्रकार आणि विणकर यांना एका छपराखाली आणणारी ती केंद्रे ही आपली स्वतःची वाट होती.

---

कोकणचिरा

आता मला आमच्या गावाकडच्या माणसाविषयी लिहू द्या. अच्युत कानविंदे १९१६ मध्ये आचऱ्याला जन्मले. मुंबईत ज. जी. मध्ये वास्तुकला शिकले, आणि १९४५ मध्ये भारत सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवले. तिथे ग्रोपियस १९३७ पासून होते. परतल्यावर कानविंदे यांनी अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची, म्हणजे अटिराची, इमारत केली. ती साधी, चौकोनी, पांढरी, थेट गुरूच्या वळणाची आहे. माणूस तिथेच थांबला असता तर तो शैलीचा वाहक ठरला असता.

पण पुढची कामे पाहा. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये उघड्या काँक्रीटचा सांगाडा आणि विटांची भरण आहे, उन्हातून जावे लागू नये म्हणून झाकलेल्या मार्गिका आहेत, आणि पायी चालणाऱ्यांची वाट वाहनांपासून वेगळी काढली आहे. मेहसाणा येथील दूधसागर डेअरी तर मी मुद्दाम जाऊन पाहिली. यंत्रांची उष्णता वर नेणारे झोताचे मनोरे छपरातून एकामागून एक वर आलेले आहेत आणि सबंध इमारतीची आकृती त्यांनीच ठरवली आहे. दूध वरच्या पातळीवर येते आणि खाली उतरत प्रक्रिया होत जाते, म्हणून इमारतही उतरत गेली आहे. डेसाऊच्या इमारतीसारखी ती कुठूनही दिसत नाही. पण हे काम नेमके काय करते आणि हा पदार्थ त्याला कसा साथ देईल, हा प्रश्न तोच आहे. रंधा म्हणतात ते शाळेचे जाणे असे असावे. हार्वर्डमध्ये ग्रोपियस इतिहासाच्या अभ्यासाला फारसे महत्त्व देत नसत, आणि ती उणीव कानविंदे यांना स्वतःच्या देशात हिंडून भरून काढावी लागली असे मला त्यांच्या नंतरच्या इमारती पाहून वाटते.

---

आरेखन

दुसरी एक वाट उल्ममधून आली. १९५३ मध्ये उल्म येथे सुरू झालेल्या अभिकल्प विद्यालयाचे पहिले प्रमुख माक्स बिल हे डेसाऊचे विद्यार्थी होते. पुढे तोमास माल्दोनादो यांच्या काळात शाळेने बाउहाउसचा कलावंतकेंद्री भाग मागे टाकला आणि गणित, मानवशास्त्र, उत्पादनतंत्र यांवर भर दिला. १९६८ मध्ये ती बंद पडली. त्याआधी तिथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी हे मूळचे ज. जी. चेच. पवईच्या आय. आय. टी. मध्ये १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले, त्याची घडण त्यांनी केली. मी तिथे नव्हतो, पण तिथे शिकलेल्या शिक्षकांच्या हाताखाली शिकलो. आमच्या पहिल्या सत्रात आठवडाभर फक्त बांबू होता. तो चिरायचा, तासायचा, वाकवायचा, तापवायचा. चित्र एकही काढायचे नव्हते. कंटाळून मी तक्रार केली तेव्हा सर म्हणाले की बांबू कुठे मोडतो हे कळेपर्यंत चित्र काढण्याचा अधिकार तुला नाही. वायमारची लाकडाची साल आमच्यापर्यंत बांबू होऊन पोहोचली होती, हे मला आज हा धागा वाचताना उमगले.

---

रंधा

आरेखन, तुमचा बांबू वाचून माझे ‘गळून पडली’ हे विधान मी मागे घेतो. साल काही वाटांनी पोहोचली, माझ्या वाटेने पोहोचली नाही, एवढेच म्हणणे योग्य होईल. कळसूत्र यांचा आक्षेपही मान्य आहे. पदार्थाच्या प्रश्नाबरोबर भाड्याचा प्रश्न विचारला नाही तर अभ्यास अर्धा राहतो. ती ९० घरांची वसाहत मी वर्गात कधीच दाखवलेली नाही.

येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यासाठी मी असे ठरवले आहे. पहिले दोन दिवस वर्तमानपत्राचा ताव, कात्री आणि डिंक न वापरता. तिसऱ्या दिवशी वीट, चिरा आणि पांढरी माती; प्रत्येक गटाने एक रात्र पाण्यात ठेवून सकाळी वजन करायचे आणि किती पाणी प्यायले ते लिहायचे. माळवद, सोलापूरकडची माती कुणाकरवी एक पोतेभर पाठवता आली तर कळवावे. कोकणचिरा, चिरे मी कुडाळहून मागवतो, पण कोणत्या खाणीचे घ्यावेत ते सांगा. चौथ्या दिवशी एक खोली, तिचे मासिक भाडे आधी सांगून. आणि धोटाताई, पाचवा दिवस मी मोकळा ठेवला आहे. तुमचा लहान माग घेऊन येता येईल का?

---

धोटा

येईन. माग चौकटीचा आहे, रिक्षात मावतो. मुलांना सुताबरोबर आणखी काय विणता येईल ते घरून आणायला सांगा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळी, तार, काहीही. ताणा मी आदल्या दिवशी येऊन लावून ठेवीन, त्याला तीन तास लागतात.

---

माळवद

माती पाठवतो. पावसाआधी उचलावी लागेल, नंतर ती खणून कामाची राहत नाही. आजोळच्या घराचे माळवद गेल्या वर्षी उतरवले, तीच चाळून ठेवली आहे.